त्या माणसाने मला मारले

पत्र

आदरणीय महोदया,

मी ५७ वर्षांचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आई, पत्नी आणि मी असे तिघे राहतो. आईचे वय ८१. चार वर्षांपूर्वी तिला डिमेन्शिया, म्हणजे विस्मृतीचा आजार झाल्याचे निदान झाले. डॉक्टरांच्या मते तो अल्झायमर प्रकारातला आहे. पत्नी शिक्षिका आहे आणि तिच्या नोकरीची काही वर्षे बाकी आहेत, मुलगा परगावी आहे, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच नोकरी सोडली. आईची आंघोळ, जेवण, औषधे, रात्रीचे उठणे हे सगळे मी करतो. मोठी बहीण, अक्का, पुण्याला असते. ती दरमहा पैसे पाठवते आणि दिवाळीत येऊन जाते. गावातले लोक मला श्रावणबाळ म्हणतात.

रोज संध्याकाळी आई पिशवी भरून दाराशी उभी राहते आणि "मला घरी जायचंय" म्हणते. तिचे घर म्हणजे कृष्णाकाठचे माहेर, जिथे आता कोणीही राहत नाही. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी तिला तीन वेळा दारातून परत आणले. चौथ्या वेळी ती माझ्या हाताला चावली आणि मी तिच्या गालावर थप्पड मारली. घरात दुसरे कोणी नव्हते. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. अर्ध्या तासाने मला आपला थोरला भाऊ समजून ती म्हणाली, "दादा, त्या माणसाने मला मारलं. तू कुठे होतास?" मी म्हणालो, "कोणी नाही मारलं, तुला भास झाला."

दुसऱ्या दिवशी तिला काहीच आठवत नव्हते. मी तिच्या पाया पडून माफी मागितली, तर दारी आलेल्या परक्याला द्यावा तसा "सुखी राहा" असा आशीर्वाद तिने दिला. पत्नीला मी अजून काही सांगितलेले नाही. जिला अपराधच आठवत नाही, तिची क्षमा ही क्षमा होते का? आणि स्वतःला माणूस म्हणवून घेण्याचा अधिकार मला उरला आहे का?

— एक मुलगा

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळण्याआधी, जे घडले त्याचा स्पष्ट उच्चार करणे मला आवश्यक वाटते. तुम्ही तुमच्या आईला मारले. जी स्वतःचा बचाव करू शकत नाही आणि जी सर्वस्वी तुमच्यावर अवलंबून आहे, अशा वृद्ध बाईवर तुम्ही हात उचलला. ती चावली होती, तुम्ही थकलेले होता, मदतीला कोणी नव्हते, या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्यांतल्या एकीनेही ती थप्पड योग्य ठरत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलेत. तरीही मी ते पुन्हा लिहिते आहे, कारण तुमच्या अवतीभवतीच्या भल्या माणसांपैकी एखाद्याला तुम्ही हे सांगितलेत, तर "जाऊ द्या हो, एवढं करता, एखाद्या वेळी होतं" असे म्हणून तो तुमचा प्रश्न तिथेच मिटवून टाकील, आणि तो तसा मिटू नये असे मला मनापासून वाटते.

पत्र दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी थपडेपाशी थांबले नाही, त्याच्या पुढच्या वाक्यापाशी थांबले. तुमच्या आईच्या मनात नवे काही टिकत नाही. सकाळी काय खाल्ले हे तिला दुपारी सांगता येत नसेल. त्या बाईने एक गोष्ट अर्धा तास घट्ट धरून ठेवली आणि जगात तिला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस समोर दिसताच त्याच्याकडे ती सांगितली. काय झाले, कोणी केले आणि त्या वेळी कोण जवळ असायला हवे होते, हे सगळे तिच्या दोन छोट्या वाक्यांत होते, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तिला उत्तर मिळाले की हा तुझा भास आहे. आजाराने तिच्याकडून पुष्कळ काही काढून घेतले आहे. त्या संध्याकाळी तिच्या हाती उरलेली एक खरी गोष्ट तुम्हीही काढून घेतलीत. थप्पड हातून एका क्षणात गेली. ते वाक्य अर्ध्या तासाने, श्वास जागेवर आल्यानंतर बोललेले होते. महिनाभर तुम्हाला जे टोचत आहे, त्यात थपडेपेक्षा या वाक्याचा वाटा मोठा असावा, असा माझा अंदाज आहे.

तुम्ही ते भीतीपोटी बोललात, हे मी समजू शकते. शिवाय या आजारात खरोखरच भास होतात, पैसे चोरले, जेवायला दिले नाही असे खोटे आळ घरच्यांवर येतात, आणि त्यामुळे घरातली माणसे रुग्णाचे बोलणे न तपासता बाजूला सारायला शिकतात. त्या सवयीत एखादी खरी तक्रारही वाहून जाते. म्हणून यापुढे आई असे काही सांगू लागली, तर तिचे ऐकून घ्या, ते खरे मानून तिच्याशी बोला. "हो, तुला लागलं. ज्यानं मारलं त्याचं चुकलं. आता मी इथे आहे," एवढे म्हणणे पुरे आहे. "तो मीच होतो" असे सांगून तिच्या दादाला तिच्यापासून हिरावून घेण्याची गरज नाही. ते सांगण्यासाठी दुसरी माणसे आहेत, त्यांच्याविषयी पुढे लिहिते.

आता क्षमेविषयी. "सुखी राहा" या आशीर्वादाला तुम्ही क्षमा मानले नाहीत, हे मला योग्य वाटते. क्षमा करणाऱ्याला अपराध माहीत असावा लागतो आणि समोरचा कोण हेही माहीत असावे लागते. ज्या अर्थाने एक शहाणा माणूस दुसऱ्याला क्षमा करतो, त्या अर्थाने तुमची आई ती आता करू शकणार नाही, आणि ही उणीव दुसरे कोणी भरून काढील असे मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. परंतु तिला काहीच आठवत नाही, म्हणून तिच्यापाशी त्या संध्याकाळचे काहीच उरले नाही, असा निष्कर्ष तुम्ही काढला असेल, तर तो बरोबर नाही.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये या विषयावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद आणि आनंदी अशा दोन प्रकारच्या चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांनी विचारले तेव्हा चित्रफितीत काय होते हे रुग्णांना फारसे सांगता येईना, एकाला तर आपण काही पाहिले हेही आठवेना. पण त्यांच्या मनात उठलेले दुःख किंवा आनंद अर्ध्या तासापर्यंत टिकून होता. मेंदूच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग नव्या घटनांची नोंद करतो, त्याला या आजारात फार लवकर इजा होते. भावना जागवणारी यंत्रणा मात्र त्याच्याबरोबर तितक्याच वेगाने कोसळत नाही. घटना पुसली जाते आणि तिचा ओरखडा कारणाशिवाय मनात राहतो. त्या चित्रफिती परक्या लोकांच्या होत्या आणि मोजणी अर्ध्या तासाची होती, म्हणून तुमच्या आईच्या मनात आज नेमके काय आहे हे त्यावरून सांगता येणार नाही. पण रोज तिला हाताळणारा तो हात आणि तो आवाज तिला सुरक्षित वाटतो की नाही, हे तिचे शरीर तुम्हाला सांगत असते. आंघोळीच्या वेळी तुम्ही जवळ गेलात की ती अंग चोरते का, तुमचा आवाज चढला की तिची बोटे पदराशी चाळा करू लागतात का, हे पाहा. जर तसे होत असेल, तर माफीचे काम तिथे करायचे आहे, आणि ते पाया पडून होणार नाही. आंघोळ घालताना पाणी आधी तिच्या हातावर घालून तिला कळू देणे, मागून न येता समोरून येणे, घास भरवताना घाई न करणे, तिच्या एकाच प्रश्नाला अकराव्यांदाही पहिल्यांदा दिले तसे उत्तर देणे, ही त्या माफीची तिला अजून कळणारी भाषा आहे. तुम्ही हे आधीपासून करत असाल. आता जाणून करा.

लोक तुम्हाला श्रावणबाळ म्हणतात, हे तुमच्या पत्रात एका वाक्यातच येते. मला ते वाक्य महत्त्वाचे वाटते. श्रावणाच्या गोष्टीत त्याचे खांदे दुखल्याचे कुठे सांगितलेले नाही. त्याचे आईवडील आंधळे होते, पण त्यांना आपला मुलगा ओळखू येत होता, तहान लागली हे सांगता येत होते, आणि ते कावडीतून उतरून रोज संध्याकाळी दुसऱ्याच कुठल्या घरी निघत नव्हते. एका माणसाला असे नाव देऊन टाकले की गावाची जबाबदारी संपते आणि त्या माणसाची "मी थकलो आहे" असे म्हणण्याची सोयही संपते. सेवेचे कौतुक करणाऱ्यांपैकी कितीजण एका संध्याकाळी येऊन दोन तास आईजवळ बसले, याची आठवण करून पाहा.

मला पुंडलिकाची कथा जास्त जवळची वाटते. ती आपण मुलांना बहुधा मधूनच सांगतो: पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, देव दारात आला, पुंडलिकाने वीट फेकली आणि देव तिच्यावर उभा राहिला. कथेचा आधीचा भाग असा आहे की हाच पुंडलिक आईवडिलांशी अत्यंत वाईट वागत असे. काशीयात्रेला निघाल्यावर तो आणि त्याची बायको घोड्यावर बसली आणि म्हातारे आईबाप पायी चालले, असे कथा सांगते. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि मग तो बदलला. आज चंद्रभागेच्या वाळवंटात त्याचे मंदिर आहे, आणि पंढरपुरात जयजयकार होतो तेव्हा पुंडलिकाचे नाव विठ्ठलाच्या आधी घेतले जाते. महाराष्ट्राने आपल्या सर्वांत लाडक्या देवाला ज्याच्यासाठी तिष्ठत उभे केले, तो माणूस जन्मापासून आदर्श पुत्र नव्हता, आणि लोकांनी त्याचा आधीचा भाग लपवलाही नाही. त्याच्या आईवडिलांनी त्याला क्षमा केली का, हे मात्र कथेत मला कुठे वाचायला मिळालेले नाही. तो त्यांचे पाय चेपतो आहे आणि देव आला तरी उठत नाही, एवढेच आपल्याला दिसते.

तुम्ही ज्या आजाराशी झगडत आहात, त्याच्या इतिहासातही तुमच्यासारखे सांभाळणारे एक माणूस अगदी सुरुवातीलाच भेटते. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात २५ नोव्हेंबर १९०१ रोजी ऑगस्ट डेटर या ५१ वर्षांच्या बाईला मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी तिला नाव विचारले, तिने "ऑगस्ट" असे सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले, तरीही "ऑगस्ट" असेच उत्तर आले. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिच्या मेंदूतले बदल जगापुढे मांडले आणि पुढे या आजाराला त्यांचे नाव मिळाले. तिला रुग्णालयात आणले होते तिच्या नवऱ्याने. तो रेल्वेत कारकून होता आणि घरी तिला सांभाळणे त्याच्या आवाक्याबाहेर गेले होते. म्हणजे या रोगाची पहिली नोंद जिथे होते, तिथेच सांभाळणारा एक थकलेला माणूसही उभा आहे. सव्वाशे वर्षांत रुग्णाविषयी पुष्कळ लिहिले गेले. सांभाळणाऱ्याकडे लक्ष फार उशिरा गेले.

"माणूस" या शब्दाविषयी तुम्ही विचारले आहे. आपण मराठीत तो दोन उलट कामांसाठी वापरतो. "शेवटी माणूसच आहे" असे म्हणून आपण चूक पोटात घालतो, आणि "माणूस आहेस की कोण?" असे विचारून त्याच चुकीचा जाब मागतो. शेजारी तुम्हाला पहिले वाक्य ऐकवतील. तुम्ही स्वतःला महिनाभर दुसरे ऐकवत आहात. या दोहोंपैकी एक निवडावे असे मला वाटत नाही. झोप अपुरी असलेल्या, दोन वर्षे एकही सुटी न घेतलेल्या, रोज सायंकाळी आपल्याच आईकडून परका ठरणाऱ्या शरीराला मर्यादा असते आणि ती ओलांडली की ते शरीर वाईट वागू शकते, ही माणसाविषयीची वस्तुस्थिती आहे. त्या वागण्याचा हिशेब स्वतःकडे मागणे आणि पुढच्या वेळी ती मर्यादा येण्याआधी कोणाला तरी हाक मारणे, हीही माणसालाच जमणारी गोष्ट आहे. आपल्या हातून काहीही वाईट होणारच नाही अशी ज्याची खात्री असते, तो हाक मारत नाही. तुमचीही बहुधा तशी खात्री होती.

एक गोष्ट मी माझीही सांगते, कारण ती न सांगता तुम्हाला सल्ला देणे मला बरे वाटत नाही. माझ्या सासूबाई अर्धांगवायूमुळे तीन वर्षे अंथरुणावर होत्या. रात्री अंथरूण ओले होऊ नये म्हणून मी दिवेलागणीनंतर त्यांना पाणी देण्याचे टाळू लागले. कोणाला हे दिसत नव्हते. घरात माझे कौतुकच होत होते. एका रात्री त्यांनी दोनदा पाणी मागितले आणि मी "आत्ताच तर प्यायलात" असे म्हणाले. त्या प्यायल्या नव्हत्या. त्यांची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती. सकाळी त्यांनी मला विचारले, "काल माठातलं पाणी संपलं होतं का गं?" मी "हो" म्हणाले. माझ्यासाठी सबब त्यांनीच शोधून ठेवली होती आणि ती माझ्या हातात दिली होती. त्या दिवसानंतर मी त्यांना रात्री कधी तहानलेले ठेवले नाही, पण "पाणी संपलं नव्हतं" हे वाक्य मी त्या जिवंत असेपर्यंत बोलले नाही. आता ते ऐकणारे कोणी नाही. तुमच्या आईला ती सबब शोधून देण्याची शक्ती राहिलेली नाही. पण तुमच्या घरात खरे ऐकू शकणारे दुसरे माणूस आहे, आणि म्हणून माझा पहिला ठाम सल्ला असा की पत्नीला सगळे सांगा. थप्पडही सांगा आणि "भास झाला" हेही सांगा. त्या रागावतील, कदाचित घाबरतील. तरी ज्या घरात ही गोष्ट दोघांना माहीत आहे, त्या घरात ती पुन्हा घडणे एकट्याला माहीत असलेल्या घरापेक्षा अवघड असते.

दुसरे काम डॉक्टरांकडचे. आईची संध्याकाळची अस्वस्थता अलीकडे अचानक वाढली असेल, चावणे हे नवे असेल, तर ते आजाराचे पुढचे पाऊल आहे असे धरून बसू नका. या वयात लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातले पाणी कमी होणे, नव्याने सुरू झालेले एखादे औषध किंवा सांगता न येणारे दुखणे यांमुळे माणूस काही तासांत किंवा दिवसांत पार बदलून जातो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात आणि कारण सापडले तर त्यावर उपचार होतो. दात, कान, चष्मा हेही पाहून घ्या. त्याच भेटीत डॉक्टरांना तुमची झोप आणि तुमची मनःस्थिती सांगा. थपडेची गोष्टही सांगता आली तर अधिक चांगले, कारण घरातला ताण कुठवर आला आहे हे त्यावरून त्यांना कळेल. तालुक्याच्या ठिकाणी एवढा वेळ देणारे डॉक्टर मिळतीलच असे नाही. तोवर मनावरचा भार बोलण्यासाठी टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे, आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतीची माहिती १४५६७ या एल्डरलाइनवर मिळते.

दारातल्या त्या भांडणाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. कातरवेळी मन कावरेबावरे होणे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे; या आजारात ते अनेक पटींनी वाढते, कारण उजेड कमी झाला की ओळखीच्या वस्तूंची रूपे बदलतात आणि दिवसभराचा शीणही साठलेला असतो. "हेच तुझं घर आहे" हे उत्तर खरे आहे, पण तिच्या प्रश्नाचे ते उत्तर नाही. ती जे घर मागते आहे तिथे तिची आई आहे, दादा आहे, तिला सगळे नावाने ओळखतात. ती पत्ता विचारत नसून आपल्याला इथे अनोळखी वाटते आहे असे सांगत आहे. तिला अडवण्याऐवजी तिच्याबरोबर निघा. पिशवी तुम्ही घ्या, चप्पल घालून द्या, अंगणातून किंवा गल्लीतून एक फेरी मारा आणि चालता चालता त्या घराविषयी विचारा: घाट किती पायऱ्यांचा होता, पूर आला की गुरे कुठे नेत असत, मागच्या दाराशी कोणते झाड होते. जुन्या आठवणी अजून पुष्कळ शाबूत असतात आणि त्या सांगताना तिचा चेहरा निवळेल. फेरीनंतर पुष्कळ वेळा ती आपल्याच दारातून "आलो बाई घरी" अशा समाधानाने आत येईल. काही वेळा येणार नाही, तेव्हा दुसरी फेरी मारावी लागेल. अंधार पडण्याच्या बराच आधी घरातले सगळे दिवे लावा, चहा-खाणे त्या वेळेच्या आधी होऊ द्या आणि दुपारची झोप लांबू देऊ नका. देवापाशी सांजवात लावायचे काम तिच्याकडे द्या, मात्र काडेपेटी तुमच्या हातात राहू द्या.

आणि कोणत्याही उपायाने काही साधले नाही, तर तुमच्यासाठीही एक उपाय ठरवून ठेवा. हात उठण्याआधी शरीर खूण देते. कोणाचे कान तापतात, कोणाचे दात आवळले जातात, कोणाचा आवाज अचानक एकदम हळू होतो. तुमची खूण तुम्हाला आता माहीत झालेली आहे. ती दिसताच बाहेरच्या फाटकाला कडी लावा, आईजवळ धोक्याचे काही नाही एवढे पाहा, आणि दहा मिनिटे ओसरीवर जाऊन बसा. ती हाका मारील, दार वाजवील, कदाचित शेजाऱ्यांना ऐकू जाईल. जाऊ द्या.

हे सगळे एकट्याने वर्षानुवर्षे करायचे नाही, आणि इथे अक्कांचा प्रश्न येतो. त्या पैसे पाठवतात याबद्दल माझ्या मनात आदर आहे; पुष्कळ घरांत तेवढेही होत नाही. परंतु तुम्हाला आज पैशांपेक्षा दिवसांची गरज अधिक आहे. दर तीन महिन्यांनी दहा दिवस तुमच्या घरी येऊन राहणे त्यांना शक्य आहे का, हे विचारा. आईला पुण्याला नेण्याचा आग्रह धरू नका, कारण जागा बदलली की अशा रुग्णांचा गोंधळ बहुधा वाढतो. येणे अगदीच अशक्य असेल, तर त्या पाठवत असलेल्या पैशांत भर घालून संध्याकाळी चार ते आठ या वेळेसाठी एखाद्या मावशी ठेवता येतील, आणि सुरुवातीचे काही दिवस तुम्हीही घरात असाल अशी व्यवस्था करा. वैद्यकीय शिक्षण झालेलीच बाई हवी असे नाही. माहेरच्या गप्पा ऐकायला जिला मनापासून आवडते, अशी बाई पुष्कळ झाली. आणि त्या चार तासांत तुम्ही बाजारहाट उरकू नका. झोपा, तालमीत जाऊन बसा, मित्राकडे जा.

एक कठीण गोष्टही लिहून ठेवते. ही सगळी तजवीज करूनही तुमचा हात पुन्हा उठला, तर आईची रोजची काळजी तुमच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती द्यावी लागेल, मग ती घरी येणारी व्यक्ती असो किंवा अशा रुग्णांना सांभाळणारी निवासी संस्था असो. गावात लोक बोलतील. आईवडिलांना वाऱ्यावर सोडणे २००७ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. नीट पारखून निवडलेल्या ठिकाणी तिला ठेवणे आणि नेमाने तिच्याकडे जाऊन बसणे याला वाऱ्यावर सोडणे म्हणत नाहीत. तिला तुमच्याच हातचा घास मिळावा यापेक्षा तिला कोणाच्याही हाताची भीती वाटू नये, हे अधिक मोठे आहे, आणि वेळ आली तर तुम्ही हे मान्य कराल, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते.

आधी आजच पत्नीशी बोला आणि मग या आठवड्यात अक्कांना फोन करा. दुपारी करा, आई झोपलेली असेल तेव्हा. संध्याकाळी तुमचे लक्ष दाराकडे असेल. फोनवर आधी थपडेची गोष्ट सांगा आणि मग दहा दिवसांचे विचारा. क्रम उलटा केलात, तर दिवसांचे बोलणे लांबेल, तारखा ठरतील, अक्का बरे वाटून फोन ठेवतील, आणि पहिली गोष्ट सांगायची राहून जाईल.